पाइनखालची अळंबी

शाहजादीचाचीला मी त्याआधी दोन-तीनदा पाहिलं होतं. एकदा विळीने अंगठा कापला म्हणून आली होती, एकदा गुडघ्यासाठी. पण नीट ओळख झाली ती ती माझ्याशी भांडायला आली तेव्हा.

श्रावणातला बुधवार होता. पाचगणीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक छोटं गाव लागतं, तिथे माझा दवाखाना आहे. दुपारचे चार वाजले असतील. पाऊस आडवा मारत होता आणि उघड्या दारातून धुकं आत येत होतं. चाची भिजलेल्या चपलांनिशी सरळ माझ्या टेबलापर्यंत आली. खांद्याला एसटीच्या प्रवासातली पिशवी तशीच, हातात वर्तमानपत्राची पुडी.

“डॉक्टरीणबाई, जोतिबाला घरी का सोडलं तुमी?”

“बरा झाला म्हणून सोडलं.”

“बरा न्हाई झाला त्यो. बरं वाटतंय त्याला. दोन्हीत लय फरक हाय.”

तिने पुडी टेबलावर उघडली. आत एक अळंबी होती. पांढरी, टोपीवर हिरवट-पिवळी झाक, दांड्याच्या वरच्या अंगाला झालरीसारखा पातळ पापुद्रा. ती नुसती तोडलेली नव्हती, बुडापासून खणून काढलेली होती. बुडाला माती, आणि त्या मातीत फाटक्या पिशवीसारखं काहीतरी दांड्याभोवती गुंडाळलेलं.

“ही खाल्लीया त्यानं. सोमवारी दिवेलागणीला. आन् उलट्या कवा सुरू झाल्या? मंगळवारी उजाडताना. किती तास झालं, तुमीच सांगा.”

मी मनात तास धरले. दहा. हेच दहा तास मी आदल्या दिवशी सकाळी मोजले होते आणि त्यावरून नेमका उलटा अर्थ काढला होता.

तो कसा, ते सांगण्याआधी चाची कोण हे सांगायला हवं.

शाहजादी शिकलगार मूळची म्हसवडची. माहेरी विळ्या-कात्र्यांना धार लावायचं काम. एकोणिसाव्या वर्षी तिचं चांदसाहेब शिकलगारशी लग्न झालं. चांदसाहेब फौजेत स्वयंपाकी होता. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याची बदली कुमाऊंच्या डोंगरात राणीखेतला झाली आणि तिथे राहायला दोन खोल्या मिळाल्या. माणदेशातली मुलगी. आभाळ भरून येतं आणि न बरसता निघून जातं, एवढाच तिचा पावसाळा. तिकडे मात्र जूनमध्ये सुरू झालेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हलायला तयार नाही, कपडे वाळत नाहीत, आणि घरामागे चिडाच्या उंच झाडांचा डोंगर. चीड म्हणजे तिकडचा पाइन.

शेजारी हंसीदेवी नावाची एका हवालदाराची बायको राहायची, तिकडचीच. ती पावसानंतर टोपली घेऊन चिडात जायची आणि शाहजादीला बरोबर न्यायची. तिकडे अळंबीला च्यूं म्हणतात. पहिला अख्खा पावसाळा हंसीने तिला एकाही अळंबीला हात लावू दिला नाही. नुसतं बघायचं. दुसऱ्या पावसाळ्यात एकच जात तोडू दिली. तिसऱ्या पावसाळ्यातही तीच.

ती केशरी असायची. टोपी पैशासारखी सपाट, मधे बेंबीसारखी खळगी, आणि वर गडद-फिक्या रंगाची वर्तुळं, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. टोपीखालच्या पातळ पापड्या दांड्यावर थोड्या उतरलेल्या. दांडा आतून पोकळ. पण हे सगळं हंसीच्या लेखी दुय्यम. खरी खूण पुढे. अळंबी मोडली की गाजराच्या रसासारखं केशरी दूध सुटलं पाहिजे. पांढरं सुटलं तर टाकायची. काहीच सुटलं नाही तरी टाकायची. आणि जिथे मोडली, दाबली, तिथे तासा-दोन तासांत हिरवट डाग पडला पाहिजे. चांगल्या वस्तूला हिरवा डाग पडलेला बघून नवखा माणूस टाकून देतो, ओळखणारा मात्र डाग पडेपर्यंत थांबतो, असं हंसी म्हणायची. आणि ही अळंबी चीड सोडून चार पावलंही बाहेर यायची नाही.

तीन पावसाळे झाले आणि बदली झाली. पुढे हंसीची पत्रं थांबली. चांदसाहेबने फौज सोडली तेव्हा ओळखीतून त्याला आमच्या गावाजवळच्या एका बंगल्याची राखणदारी मिळाली. मालक पुण्याचे, मे महिन्यात आणि दिवाळीत येणारे. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी हौसेने उत्तरेकडून रोपं आणून बंगल्यामागच्या उतारावर साठेक पाइन लावले होते. गावातली माणसं त्यांना सुरूची झाडं म्हणतात. चाची पहिल्या दिवसापासून चीड म्हणायची. सहा वर्षांपूर्वी चांदसाहेब हृदयविकाराने गेला. मुलगी रुक्सार मिरजेला एका मोठ्या इस्पितळात नर्स, लग्न होऊन तिथेच राहणारी. तिने आईला खूप बोलावलं. चाची दोन दिवस जायची, तिसऱ्या दिवशी तिचा पाय तिथे ठरायचा नाही. मालकांनी राखणदारी तिच्याकडेच ठेवली.

चांदसाहेब गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, पाइनच्या सुयांचा जाड थर वर उचलून आलेली एक केशरी टोपी तिला दिसली. तिने ती मोडली. केशरी दूध आलं.

“बाई, मला झोप न्हाई लागली तीन दिवस,” तिने मला नंतर सांगितलं. “वाटायचं, हीच हाय. मग वाटायचं, तीस वर्सं झाली, माझं डोळं ते राहिलं न्हाईत. हंसी असती तर इचारलं असतं. रुक्सारनं फोनवर फोटू दावलं. फोटूत वास येतोय व्हय? डाग पडायला लागणारा येळ दिसतोय व्हय?”

चौथ्या दिवशी तिने एक अळंबी भाजून नखाएवढा तुकडा खाल्ला आणि पुढचा सगळा दिवस व्हरांड्यात येरझारा घालत काढला. डॉक्टर म्हणून मी ठासून सांगते, हे कुणी करू नये. ज्या विषाची ही गोष्ट आहे ते असल्या परीक्षेला दाद देत नाही. चाचीलाही ते माहीत होतं. म्हणूनच ती दिवसभर बसू शकली नाही. काही झालं नाही. पुढचे तीन पावसाळे ती ती अळंबी खात होती, एकटी, कुणालाही न सांगता.

मग शेजारच्या रोपवाटिकेवर जोतिबा आणि लीलाबाई कामाला आले. दोघं दहिवडीकडचे. स्ट्रॉबेरीची रोपं भरायच्या कामावर पावसाळ्यात वर येणारी अशी जोडपी बरीच असतात. जोतिबा पन्नाशीचा, बोलका, चांगल्या खाण्याचा शौकीन, आणि लीलाबाई त्याच्या मानाने मुकी. त्यांची खोली पाइनच्या उताराला लागून होती. श्रावण लागला तसं जोतिबाचं मटण बंद झालं आणि एका दुपारी चाचीच्या स्वयंपाकघरातून कांद्यावर परतलेल्या अळंबीचा वास त्याच्या खोलीत गेला.

“चाची, बकरं कापलं काय श्रावणात?” त्याने कुंपणावरून विचारलं.

चाची हसली. तिने वाटीभर भाजी दिली. दुसऱ्या दिवशी दोघांना उतारावर नेऊन केशरी अळंबी दाखवली, मोडून दूध दाखवलं, आणि बजावलं, “माज्याबिगर हात लावायचा न्हाई.” जोतिबाने विचारलं, “कुठं उगवती ही?” ती म्हणाली, “चिडाखालीच. दुसरीकडं कुटं न्हाई.”

ते वाक्य त्याने घरी नेलं आणि त्याच्या डोक्यात ते फिरलं. ही अळंबी पाइनखालीच उगवते, असं ती म्हणाली होती. त्याने ऐकलं ते असं, की पाइनखाली उगवते ती चांगली.

त्या शनिवारी रुक्सारच्या मुलीला ताप आला म्हणून चाची मिरजेला गेली. सोमवारी दोघांचा उपास होता. संध्याकाळी उपास सोडायला काहीतरी चमचमीत हवं म्हणून जोतिबा उतारावर गेला. केशरी सापडली नाही. पांढऱ्या मात्र टपोऱ्या, स्वच्छ, एकाही किड्याने न खाल्लेल्या. त्याने त्या वरच्या वर मोडून घेतल्या. बुडाची पिशवी मातीतच राहिली. लीलाबाईने भाजी केली. तिने दोन घास खाल्ले आणि उरलेली नवऱ्याच्या ताटात सारली, तो आवडीने खात होता म्हणून.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दोघं माझ्याकडे आले. उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून कळा. मी विचारलं, काय खाल्लं? लीलाबाई म्हणाली, “भाकरी, आन् अळंबीची भाजी.” मी सावध झाले. कधी खाल्ली? काल दिवे लागताना. त्रास कधी सुरू झाला? आज उजाडताना. मग मी तो हिशोब केला. विषारी अळंबी असती तर दोन-तीन तासांत त्रास झाला असता, दहा तास लागले म्हणजे कारण दुसरं, बहुतेक पाणी. पावसाळ्यात आमच्याकडे पाण्याचे रुग्ण रोज येतात. सलाइन लावलं, औषधं दिली. बुधवारी सकाळी जोतिबा खाटेवर बसून चहा पीत होता आणि माझ्या कंपाउंडरला विनोद सांगत होता. दुपारी बारा वाजता मी त्यांना घरी पाठवलं.

तीन वाजता चाची मिरजेहून उतरली. रोपवाटिकेवरच्या बाईने तिला सगळं सांगितलं. ती खोलीत गेली नाही. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती उतारावर गेली, पांढऱ्या अळंब्या हुडकल्या, काठीने एक बुडासकट खणली आणि माझ्याकडे आली.

“हंसीच्या दिराला बघितलंय मी,” ती टेबलाला धरून उभी होती, मी पुढे केलेल्या खुर्चीकडे तिचं लक्षच नव्हतं. “तिकडं असलीच पांढरी खाल्लेली. रातभर काय न्हाई. सकाळी सगळं बाहेर पडलं. तिसऱ्या दिशी उठून शेतावर गेला, बायकोला म्हनला भूक लागली. सगळी हसली, म्हनली वाचला. चौथ्या दिशी डोळं पिवळं. सातव्या दिशी माती दिली त्याला. हंसी म्हनायची, लगेच उलटी झाली तर देवाची मेहर समजायची. उशिरा झाली तर धावायचं. आन् बरं वाटलं तर अजून जोरात धावायचं.”

मी साताऱ्यातल्या माझ्या वरिष्ठांना फोन लावला. तास सांगितले, अळंबीचं वर्णन सांगितलं. ते म्हणाले, “बुडाशी पिशवी आहे? संयोगिता, पेशंट कुठेय आत्ता?”

“घरी.”

“घरी का?”

चाची दारात जाऊन उभी होती. मी रुग्णवाहिका बोलावली, वाईवरून घाट चढून यायला तिला पाऊण तास लागणार होता. आम्ही दोघी पावसात चालत रोपवाटिकेकडे निघालो. खरं तर चाची जवळजवळ पळत होती, आणि तिचा तो दुखरा गुडघा मला त्या दिवशी कुठे दिसला नाही.

जोतिबा कामावर होता. टेंपोत रोपांचे ट्रे चढवत होता.

“जोतिबा, उतर खाली. साताऱ्याला जायचंय.”

“कशापायी? मला काय धाड भरलीया? सकाळपास्नं दोन भाकऱ्या खाल्ल्या.”

मी त्याला समजावायला लागले. यकृत, रक्ततपासणी, धोका. तो ऐकत होता आणि हसत होता. त्याच्यापुढे मी कालच ‘काही नाही, पाण्याने झालंय’ म्हणाले होते. आज माझ्या शब्दाला किती वजन राहणार? टेंपोवाला भोंगा वाजवत होता. जोतिबाने पुढचा ट्रे उचलला.

चाचीने त्याच्या हातातला ट्रे धरला. दोघांच्या ओढाताणीत रोपं चिखलात पडली.

“चाची, गप घरी जावा. तुमाला वाटतंय तुमच्या भाजीवर नाव येईल, व्हय ना?”

“येऊ दे की नाव! पेपरात छापून येऊ दे. तू चल.”

तो हललाच नाही. मग चाची टेंपोकडे पाठ करून लीलाबाईकडे गेली. लीलाबाई शेडखाली पिशव्यांत माती भरत होती आणि हे सगळं तिने ऐकलं होतं. चाची तिच्यासमोर उकिडवी बसली.

“लीला, माझ्यावर राग धर, जलमभर धर. पर ह्याला गाडीत घाल. ह्या येळेला जर म्या खोटी ठरले तर तुझ्या दारात येऊन माफी मागीन.”

लीलाबाईने हातातली माती झटकली. उठली, टेंपोपाशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, “उतरा.” इतकंच. जोतिबाने तिच्याकडे बघितलं. त्या बाईने संसारात कधी हुकूम सोडला नसावा. तो उतरला.

साताऱ्यात रक्त तपासलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. यकृताचा जो आकडा चाळिसाच्या आत असायला हवा तो जोतिबाचा अडीच हजारांच्या वर होता. आणि तो अजूनही मला म्हणत होता, “बाई, उगं खर्चात घातलं तुमी.” तिथल्या डॉक्टरांनी ओळखलं की अशा रुग्णाला यकृताच्या तज्ज्ञांची गरज आहे. रुक्सारने मिरजेत धावपळ करून तिच्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात दोन खाटा मिळवल्या. गुरुवारी सकाळी दोघं तिथे पोचले. दुपारी जोतिबाचे डोळे पिवळे झाले.

पुढचे दिवस चाची मिरजेच्या त्या इस्पितळाच्या बाकावर होती. बाकावर म्हणायचं इतकंच, ती बसायची कमी. कॉरिडॉरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत. मी शनिवारी गेले तेव्हा रुक्सार तिला विनवत होती, “अम्मी, घरकू चलो, दो घंटे तो सो.” चाची मान हलवायची आणि पुन्हा चालायला लागायची. लीलाबाईच्या पोटात विष थोडंच गेलं होतं, ती चौथ्या दिवशी धोक्याबाहेर आली. जोतिबा मात्र सहाव्या दिवशी बायकोला ओळखेनासा झाला. बडबडायला लागला, हातातल्या नळ्या ओढायला लागला. डॉक्टर यकृत बदलण्याची भाषा बोलू लागले.

दहिवडीहून त्याचा भाऊ मानसिंग आला होता. त्याने चाचीला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“तुमाला खायाचं हुतं तर खायाचं. दुसऱ्याला कशापायी चव लावली?”

तो आणखी खूप बोलला. मी मधे पडायला गेले तर तिने हातानेच मला थांबवलं. तो गेल्यावर मी म्हटलं, “चाची, चूक माझी आहे. मी घरी सोडला.”

“तुमची तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “माजी मला बघू द्या.”

ती पुडी तिने जपून ठेवली होती. प्लॅस्टिकमध्ये घातली की कुजते म्हणून कागदातच, आणि कागद रोज बदलून. डॉक्टरांनी सांगलीतल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्रबुद्ध लोखंडे नावाच्या तरुण प्राध्यापकाला बोलावलं होतं. बुरशी आणि अळंबी हा त्याचा अभ्यास. खिडकीपाशी नेऊन त्याने भिंगातून पापड्या बघितल्या, झालर बघितली, आणि बुडाशी आल्यावर विचारलं, “ही बुडासकट कोणी काढली?”

“मी.”

“कशी काय?”

“वरनं काय कळतंय? वरनं चांगलीच दिसती.”

त्याने वर बघितलं. लोक सांगलीतून, शिराळ्याहून त्याच्याकडे अळंब्या पाठवायचे, त्या सगळ्या दांड्याशी मोडलेल्या असायच्या. ओळखायची जी निम्मी खूण ती रानातच राहिलेली. ही बहुधा त्याच जातीची आहे जिच्यामुळे जगात अळंबीचे सर्वांत जास्त मृत्यू होतात, तो म्हणाला, आणि पाइनच्या मुळांशी तिचंही जमतं. चांगली आणि ही, दोघींचं बिऱ्हाड एकाच झाडाच्या मुळात असू शकतं. बहुधा ती रोपांबरोबर मातीतूनच आली असावी.

मग त्याने केशरी अळंबीबद्दल विचारलं. चाचीने दूध सांगितलं, डाग सांगितला. त्याचे डोळे चमकले. “तुम्ही म्हणताय ती मला वाटतं तीच आहे. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय, मोडल्याशिवाय मी नाव सांगणार नाही.”

त्या आठ दिवसांत चाचीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदाच सैल झालेला मी बघितला, तो त्या वाक्याला.

नवव्या दिवशी आकडे उतरायला लागले. दहाव्या दिवशी जोतिबाने लीलाबाईला नावाने हाक मारली. चोविसाव्या दिवशी तो घरी गेला, अठरा किलोने उतरलेला, भिंतीला धरून चालणारा. मला मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक दिवस घरी राहिला असता तर कठीण होतं. मी ते चाचीला सांगितलं. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “वाटी दिली नसती तर दवाखानाच लागला नसता.”

परत आल्यावर तिने मालकांना फोन करून झाडं तोडायला सांगितलं. मालक वडिलांच्या हातची झाडं तोडायला तयार होईनात. मग तिने गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून मोठ्या अक्षरांत पाटी लिहून घेतली आणि उताराच्या तोंडाशी लावली. पाटीवर लिहिलं होतं, “इथली कोणतीही अळंबी खाऊ नये.” कोणतीही हा शब्द तिने लाल रंगात करून घेतला. पहिल्याच वादळात पाटी पडली, तिने पुन्हा ठोकली.

पुढच्या पावसाळ्यात ती रोज पहाट फुटली की उतारावर असायची. साठ झाडांखालून फिरायची, पांढरी दिसली की बुडासकट काढायची आणि खड्ड्यात पुरायची. प्रबुद्ध विद्यार्थ्यांना घेऊन आला तेव्हा त्याने सांगितलं की याने ती संपणार नाही, खरी अळंबी मुळांच्या जाळ्यात आहे, आपल्याला दिसतं ते नुसतं फळ. चाचीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली घेऊन गेली. प्रबुद्धने केशरी मोडून बघितली, डाग पडेपर्यंत दोन तास दगडावर बसून राहिला, आणि तिचं ओळखणं बरोबर होतं असं सांगितलं. तिने एका कागदावर त्या अळंबीचं शास्त्रीय नाव लिहून घेतलं. पण त्या वर्षी तिने एकही खाल्ली नाही.

जुलैच्या शेवटी लीलाबाई रोपवाटिकेवर परत आली. एकटी. जोतिबा गावाकडे मेंढरं बघत होता, जड काम त्याला आता होत नव्हतं. ती पहिल्याच संध्याकाळी चाचीच्या दारात उभी राहिली. चाचीला वाटलं, आता ही बोलणार. मानसिंग बोलला ते थोडंच होतं.

“चाची, मला दाखवा.”

“काय?”

“अळंबी.”

“न्हाई.” चाचीने दार लोटलं. लीलाबाई दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. चाची मला म्हणाली, “ह्या बाईला सांगा तुमी. मला न्हाई व्हायचं पुन्ना.” मी लीलाबाईला बोलावलं. ती म्हणाली, “बाई, म्या कापली ती. ह्या हातानं. फोडणी घातली. मला तिचं त्वांड नीट याद न्हाई. उद्या म्होरं आली तर वळखायला नको?”

हे मी चाचीला तसंच्या तसं सांगितलं. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली.

दुसऱ्या सकाळी तिने लीलाबाईला उतारावर नेलं, आणि पहिली दाखवली ती पांढरी. हातात दिली, बुड उकरायला लावलं, पिशवी बोटाने उलगडायला लावली. पंधरा दिवस दुसरं काहीच नाही. नुसती पांढरी. कोवळी, अंड्यासारखी बंद असलेली, मग उमललेली, मग पावसाने झालर गळून गेलेली. केशरीचं नावही नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. धुक्यात झाडं अर्धीच दिसत होती. सुयांवरून पाय घसरत होता. लीलाबाई पुढे, चाची तिच्या मागे, काठी हातात. एका झाडाखाली तपकिरी, चिकट टोपीची अळंबी होती. चाचीने काठी टेकवली. “ही?”

लीलाबाई वाकली. बुड उकरलं, खालून बघितलं, वास घेतला. बराच वेळ घेतला तिने.

“न्हाई ठावं.”

“फुडं चल,” चाची म्हणाली.

दोन झाडं पलीकडे सुया वर उचलल्या होत्या. चाची स्वतः खाली बसली. केशरी टोपी, मधे खळगी. तिने ती मोडली आणि काही न बोलता लीलाबाईपुढे धरली. कडेने केशरी थेंब आले होते. लीलाबाईने एका बोटाने थेंबाला स्पर्श केला, बोट जवळ आणून बघितलं, आणि लगेच ओल्या गवताला पुसून टाकलं. चाचीने तुकडे तिथेच ठेवले, गुडघ्यावर हात टेकून उठली. पाऊस वरच्या कड्यावरून खाली सरकत होता आणि अजून तीस-पस्तीस झाडं बघायची राहिली होती.